वॉज, आयएनजी आणि विरार फास्ट

रविवार सकाळ, अकराची बॅच. आचोळे रोडवरची एक जुनी बिल्डिंग. खाली मोबाइलचं दुकान, वर आमचा स्पोकन इंग्लिशचा क्लास. पंखा गरगरतोय. एसी ‘पुढच्या महिन्यात’ बसणार आहे, आणि हा पुढचा महिना गेली दोन वर्षं चाललाय. तेवढ्यात दार ढकलून एक मुलगा घामाघूम होऊन आत येतो आणि उंबऱ्यातूनच सुरू करतो, ‘सॉरी मॅडम, आय वॉज कमिंग ऑन टाइम, बट ट्रेन वॉज नॉट कमिंग, सो आय वॉज गेटिंग लेट.’

वर्गात कुणी हसत नाही. हसण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नाही. उलट मागच्या बाकावरच्या दोघी चक्क इम्प्रेस झालेल्या. एका दमात तीन वॉज आणि तीन आयएनजी! फाडफाड इंग्रजी म्हणतात ते हेच की!

मीही हसत नाही. माझं कारण वेगळं आहे. एका वॉजने आमच्या घरात पाच महिने झोप येऊ दिली नव्हती.

आधी ओळख. मी फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे स्टोरी आज छापून येते आणि पैसे ‘प्रोसेसमध्ये’ असतात. मास मीडियाची डिग्री भिंतीवर आहे, पण लाइट बिल ती भरत नाही. म्हणून शनिवार-रविवार मी इथे शिकवते. बॅचमध्ये पार्लरवाली आहे, कुरिअरवाला आहे, बँकेच्या परीक्षा देणारा एक जण आहे, मुलीच्या शाळेत पॅरेंट्स मीटिंगला तोंड उघडता यावं म्हणून येणाऱ्या एक काकू आहेत. ‘इंग्लिश विंग्लिश’ २०१२ मध्ये आला, पण त्यातली शशी गोडबोले आमच्या बॅचला दर जूनमध्ये नव्याने अॅडमिशन घेते.

आणि या सगळ्यांचा लाडका काळ एकच, पास्ट कंटिन्युअस. सिंपल पास्टला इथे भाव नाही. ‘आय केम’ म्हणजे कसं, दोन शब्दांत खेळ खल्लास. ‘आय वॉज कमिंग’ म्हटलं की तोंडात काहीतरी भरल्यासारखं वाटतं. साध्या भूतकाळाच्या नावातच ‘साधा’ आहे ना, तिथेच घोळ झाला. आमच्या गाइडमध्ये दुसऱ्याचं नाव होतं ‘चालू भूतकाळ’. आता नालासोपाऱ्यात वाढलेल्या मुलांना चालू म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. साध्यापेक्षा चालू कधीही पुढे!

गंमत बाजूला. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ही मुलं अडाण्यासारखी चुकत नाहीत, अगदी शिस्तीत चुकतात. मराठीत आपण म्हणतो, ‘मी त्याला ओळखत होते.’ त्यातला ‘ओळखत’ उचलला की झालं ‘नोइंग’, ‘होते’चं झालं ‘वॉज’. आय वॉज नोइंग हिम. इंग्रजीत मात्र ओळखणं, असणं, हवं असणं, आवडणं या गोष्टी ‘चालू’ नसतात. त्या असतात किंवा नसतात. म्हणून आय न्यू हिम, आय हॅड अ सायकल. (मग मॅकडोनाल्ड्सने २००३ पासून ‘आय अॅम लव्हिंग इट’ कसं चालवलं? हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये एक तरी मुलगा विचारतो. उत्तर: बर्गर विकायचा असेल तर चालतं, इंटरव्ह्यूला नाही.)

दुसरी भानगड याहून गोड आहे. ‘शाळेत असताना मी चालत जात होते.’ या वाक्याचा अर्थ रोज जायचे असा होतो. आणि ‘काल मी बाजारात जात होते, तेवढ्यात मावशी भेटली’ यात मी फक्त त्या एका वेळी वाटेत होते. मराठीचं एकच ‘जात होते’ दोन्ही कामं करतं. आपल्याला ‘जायचे’ही आहे, जुन्या पुस्तकांत ‘जात असे’ही आहे, पण बोलताना ‘जात होते’ भागवून नेतं. इंग्रजीत ते भागत नाही. ‘आय वॉज गोइंग टू स्कूल बाय वॉकिंग’ असं म्हटलं की समोरचा नुसता बघत राहतो. त्याला वाटतं, हां, जात होतीस, मग पुढे काय झालं? कुत्रा मागे लागला? पाऊस आला? आणि आपण तर वाक्य संपवून गप्प बसलेलो.

आणि ‘आलो आलो’चं काय करायचं? गॅलरीतून खालच्या मित्राला ‘आलो रे!’ असं ओरडणारा माणूस अजून बनियनवर असतो. क्रियापद भूतकाळाचं, काम भविष्यकाळाचं. वसई सुटली रे सुटली की डब्यात कुणीतरी म्हणतं, ‘चला, सोपारा आलं.’ आलेलं नसतं. पण दाराकडे सरकायला लागायचं असतं.

हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

मी मराठी माध्यमातली. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे माझ्या चुलतभावाने एबीसीडी पाचवीत गिरवली आणि मी पहिलीत. त्यामुळे घरात माझी इमेज ‘हिला इंग्लिश येतं’ अशी. खरं तर मला फॉर्म्युले यायचे. सब्जेक्ट प्लस वॉज-वेअर प्लस व्हर्ब प्लस आयएनजी. आणि एक जादूचा फॉर्म्युला: वाक्यात ‘व्हेन’ दिसलं की एका बाजूला सिंपल पास्ट, दुसऱ्या बाजूला कंटिन्युअस. दोन मार्क पक्के. कुठली बाजू कुठे? ते बहुतेक वेळा पेपरात कंसातल्या क्रियापदांवरून जमून जायचं.

खरं तर हा काळ मला आठ वर्षांची असताना घरीच शिकायला मिळाला होता. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. आमच्या पिढीच्या मुंबईकरांना, आणि मुंबईच्या जिवावर जगणाऱ्या आम्हा वसई-विरारकरांना, एकमेकांना विचारायला एक कॉमन प्रश्न मिळाला: ‘२६ जुलैला तू काय करत होतास?’ काय ‘केलंस’ असं कुणी विचारत नाही. काय ‘करत होतास’. पप्पा गोरेगावच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करत होते. मी तिसरीत होते, शाळा लवकर सुटली होती. आई दर दहा मिनिटांनी खिडकीत जात होती. शेजारच्या घरातला फोन लागत नव्हता. पप्पा त्या रात्री पाण्यातून चालत होते, हे आम्हाला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले. बस्स, ‘आले’. दीड दिवसाचं ‘होतं-होती-होते’ त्या एका शब्दाने थांबलं. आई काही बोलली नाही, आधी चहा टाकला.

हा धडा असताना मी फॉर्म्युला घोकत बसले.

२०१६. मी डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. जुलैमधली संध्याकाळ, विरार फास्ट. ज्यांनी ती गाडी केलीय त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी केली नाही त्यांना सांगून कळणार नाही. चर्चगेटपासून नालासोपारा साधारण ५६ किलोमीटर. उतरायला मिळतात वीस-तीस सेकंद, तेही मागचे लोक तुम्हाला उतरवतात, तुम्ही उतरत नाही. घरच्याच स्टेशनवर पप्पा प्लॅटफॉर्मवर पडले. उजवा गुडघा आणि मनगट. ऑपरेशन, गुडघ्यात प्लेट, चार महिने घरी. लेथवर दिवसभर उभं राहायचं काम, म्हणजे चार महिने पगार नाही.

पप्पांनी एक छोटी अपघात विमा पॉलिसी काढली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. फॉर्म इंग्रजीत. त्यात एक चौकोन होता, अपघात कसा झाला ते थोडक्यात लिहा. घरात इंग्लिश कुणाला येतं? मला. रात्री साडेअकराला, डायनिंग टेबल नावाच्या शिवणाच्या मशीनवर बसून, मी चांगल्या अक्षरात लिहिलं:

‘माय फादर गॉट डाउन व्हेन द ट्रेन वॉज स्टार्टिंग.’

व्हेन होतं. एक बाजू सिंपल, एक बाजू कंटिन्युअस. दोन मार्क.

दीड महिन्याने पत्र आलं. तुमच्याच निवेदनानुसार विमाधारक चालत्या गाडीतून उतरले, हे स्वतःहून धोका पत्करणं आहे, तरी दावा का नाकारू नये याचा खुलासा करावा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला. असं कुठे म्हटलंय मी? मग माझ्याच फॉर्मची झेरॉक्स काढली आणि आईसाठी मोठ्याने मराठीत वाचली: ‘गाडी सुरू होत होती तेव्हा पप्पा उतरले.’

आई लगेच म्हणाली, ‘अगं, असं कसं? पप्पा उतरत होते तेव्हा गाडी सुरू झाली.’

माझी आई सातवी शिकलीय. वॉज-वेअर तिला माहीत नाही. तिने एका सेकंदात दोन्ही क्रियापदांची अदलाबदल केली. क्रियापदं तीच, माणूस तोच, गाडी तीच. आधीच्या वाक्यात पप्पा बेफिकीर, नंतरच्यात पप्पांची काही चूक नाही. जे चालू होतं ते मागे धरायचं आणि जे मध्येच घडलं ते पुढे आणायचं, हे मला मराठीत जन्मापासून येत होतं. पेन इंग्रजीत उचललं की मी ते घरी ठेवून निघायचे. माझ्या बॅचमधल्या मुलांपेक्षा ही उलटी चूक आहे. ती मुलं मराठीतून इंग्रजीत जातात आणि अडखळतात. मी मराठीला विचारलंच नाही.

खुलासा लिहिला. या वेळी तीन जणांकडून तपासून घेतला, त्यातले एक आमच्या कॉलेजचे सर. पण एकदा लिहून दिलेलं वाक्य मागे घेणं सोपं नसतं. ‘आधी एक म्हणालात, आता दुसरं म्हणता’ असं फोनवरचा माणूस शांतपणे म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. आमच्याकडे दुसरा पुरावा काय? तेव्हा आईला आठवलं, हॉस्पिटलमध्ये पोलिसांनी पप्पांचा जबाब घेतला होता.

त्याची प्रत मिळवायला तीन खेपा झाल्या. मिळाली तेव्हा त्यात हे होतं: सदर इसम हे गाडीतून उतरत असताना गाडी अचानक सुरू झाल्याने तोल जाऊन फलाटावर पडले.

‘उतरत असताना’! मास मीडियाच्या वर्गात आम्ही या भाषेची किती टर उडवायचो. फिर्यादी पायी जात असताना, आरोपी दुचाकीवरून येत असताना, अज्ञात इसम अंधाराचा फायदा घेऊन. मराठी क्राइम रिपोर्टिंग या ‘असताना’शिवाय एक पाऊल टाकत नाही. पण त्या हवालदाराच्या ‘असताना’मध्ये सगळं आहे. काय चाललं होतं आणि त्यात काय घडलं, कोण आधी आणि कोण नंतर, दोन क्रियापदांत मोकळा. मी त्याचं इंग्रजी भाषांतर करून, सही-शिक्क्यानिशी पाठवलं. पाचव्या महिन्यात पैसे आले. कर्ज फिटलं नाही, पण सोनं सोडवता आलं.

तेव्हापासून मी लोकांच्या तोंडी भूतकाळ ऐकत असते. सवयच लागली. आजोबा लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि डॉ. दत्ता सामंतांचा तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. आजोबा शेवटपर्यंत ‘आम्ही संप केला’ असं म्हणाले नाहीत. ‘आम्ही संपावर होतो’ म्हणायचे. मराठी व्याकरणाच्या पुस्तकात चालू भूतकाळाचं नाव ‘अपूर्ण भूतकाळ’ असं आहे. ते नाव मला जास्त पटतं.

क्लासमध्ये मी आता फॉर्म्युला फळ्यावर लिहीत नाही. मालक कुरकुरतात, कारण मुलांना वहीत काहीतरी चौकटीत लिहून हवं असतं. मी त्यांना आधी मराठीत नाहीतर हिंदीत गोष्ट सांगायला लावते. हिंदीवाल्यांचं एक बरं असतं, त्यांच्याकडे ‘जाता था’ आणि ‘जा रहा था’ वेगवेगळे आहेत, त्यांना पटकन कळतं. मराठीवाल्यांसाठी मी आपल्या गावचाच माल वापरते.

स्टेशनच्या पश्चिमेला, सोपारा गावात, बुरूड राजाचा कोट म्हणतात तो स्तूप आहे. तुम्ही तिथे गेला नसाल तर लाजू नका, माझ्या बॅचमध्येही वीसपैकी तीन जण गेलेत. सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक, एके काळचं मोठं बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो स्तूप उकरला, आणि त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा एक तुकडा सापडला. तो दगड आता मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. हाच लेख गिरनारसारख्या इतर ठिकाणीही असल्यामुळे त्यात काय म्हटलंय ते माहीत आहे. पूर्वीचे राजे मौजेच्या सहलींना जात, शिकार करत. मग अशोक राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला. तिथून धर्मयात्रा सुरू झाल्या.

मी विचारते, ‘राजे जात असत, याचं इंग्लिश?’

पूर्ण वर्ग एका सुरात: ‘किंग्ज वेअर गोइंग!’

‘कुठे पोचले मग? वाटेत काय झालं?’

शांतता. मग काकू हळूच म्हणतात, ‘मॅडम, ते नेहमी जायचे ना. वाटेत नाहीत ते.’ इथे ‘यूज्ड टू गो’ फळ्यावर येतं. आणि अशोक? तो एकदाच गेला. ‘अशोका वेंट.’ तो एक ‘वेंट’ म्हणताना कुरिअरवाला मुलगा म्हणाला, ‘मॅडम, हे साधं वालंच जड आहे की.’ त्याला मी त्या दिवशी चहा पाजला.

मागच्या महिन्यात हे सगळं पप्पांना सांगत होते. आता ते रिटायर झालेत. पावसाळ्यात गुडघा दुखतो, पण संध्याकाळी तळ्यापर्यंत एक फेरी मारतातच. नऊ वर्षांत मी त्यांना एक गोष्ट विचारली नव्हती. फॉर्म मी भरला होता तो आईने सांगितल्यावरून, आई तिथे नव्हती. जबाब हवालदाराने लिहिला होता आणि त्यांची वाक्यं कशी तयार असतात ते मी वर सांगितलंच.

‘पप्पा, त्या दिवशी नक्की काय झालं?’

‘काय व्हायचंय? पडलो.’

‘तसं नाही. तुम्ही उतरत होतात तेव्हा गाडी सुरू झाली, का गाडी थांबायच्या आधीच उतरलात?’

त्यांनी पेपर खाली ठेवला. बराच वेळ खरंच आठवत होते.

‘मागचे ढकलत होते. एक जण चढत होता. पाऊस पडत होता. मी उतरत होतो...’

‘आणि गाडी? थांबत होती का सुटत होती?’

‘हलत होती गं,’ पप्पा म्हणाले. ‘गाडी हलत होती.’

मग पेपर परत उचलला आणि विचारलं, हे इंग्लिशमध्ये कसं म्हणतात. मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, ‘द ट्रेन वॉज मूव्हिंग. द ट्रेन वॉज मूव्हिंग.’

‘सोपं आहे की,’ म्हणाले. ‘मग तू काय लिहिलं होतंस?’